छर्रे, पॉइंट टू-टू आणि बारा बोअर: कोल्हापुरातलं दुकान, बेळगावचा मोह आणि सुट्या भागांचा घोळ

निकाल आधीच सांगतो. कोल्हापुरात परवानाधारक दुकानातून गोळ्या घ्यायच्या म्हटलं की माल मोजका मिळतो, परदेशी मेकमध्ये निवड फारशी नसते, आणि काउंटरवरचा माणूस परवाना उलटसुलट वाचल्याशिवाय कपाटाला हात लावत नाही. गिऱ्हाईक नेमकं याच तिसऱ्या गोष्टीवर चिडतं. आमच्या मते दुकानाला सगळ्यात जास्त गुण तिच्यासाठीच द्यायला हवेत. जो दुकानदार परवाना न वाचता खोकं पुढे सरकवतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, मग भाव कितीही पाडून दिलेला असो.

या खरेदीतला गोंधळ नव्वद टक्के कायद्याचा आहे, मालाचा नाही. दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर नवा पोरगा आला, पालक सोबत आले, की प्रश्न ठरलेले: कर्नाटकात कायदा सैल आहे म्हणतात, खरं का? नुसती बुलेट (काडतुसातून उडणारा शिशाचा तुकडा) किंवा रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) घ्यायला परवाना लागतो का? रिलोडिंगचं, म्हणजे झाडलेली पुंगळी पुन्हा भरायचं मशीन मागवलं तर चालतं का? एकेक घेऊ.

राज्याचा कायदा वेगळा असतो हा समज पहिल्यांदा काढून टाका. शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे, पाचव्या नोंदीत. कायदा एकच, १९५९ चा शस्त्र अधिनियम. नियम एकच, शस्त्र नियम २०१६. कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत गेलात म्हणून कलम बदलत नाही. बदलतो तो परवाना देणारा अधिकारी. कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे इथला परवाना जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी देतात. पुणे शहरात तोच अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. पुण्याहून बदली होऊन आलेल्यांची गाडी इथेच अडते. पत्ता कायमचा बदलला, किंवा तीस दिवसांपेक्षा जास्त मुक्काम हलला, तर नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत लेखी कळवायचं असतं. ते न करता जुन्या पत्त्याच्या परवान्यावर इथे गोळ्या मागितल्या की चांगला दुकानदार नाही म्हणतो, आणि गिऱ्हाईक बाहेर येऊन दुकानाला नावं ठेवतं.

आता बेळगाव. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दुसरं शहर, दुसरी दुकानं, कधी इथे नसलेला लॉट (कारखान्यात एकाच वेळी बनलेला माल) तिथे असतो. जायला कायद्याने बंदी आहे का? उत्तर तुमच्या परवान्यावरच छापलेलं असतं, फक्त तो रकाना कुणी वाचत नाही. प्रत्येक परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात लागू आहे हे लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य, ठरावीक राज्यं किंवा संपूर्ण भारत. ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला परवाना खिशात घेऊन बेळगावहून काडतुसं आणली, तर ती सीमेपलीकडे तुमच्या ताब्यात असताना परवान्याचं छत्र तुमच्यावर नव्हतं. पावती खरी, दुकान खरं, तरीही ताबा बेकायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं झाली आहे. आंबोलीमार्गे गोव्याला जाणाऱ्यांनाही हेच लागू. स्पर्धेसाठी बाहेर जाणं असेल तर क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज आधी करावा. नेमबाजाला त्यासाठी संघटनेचं पत्र आणि स्पर्धेचे निकाल जोडता येतात.

सैल आणि कडक राज्यांची कल्पना येते कुठून, तर अमेरिकी व्हिडिओंमधून. तिथे खरंच राज्यागणिक वेगळं आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून गोळ्या घेतानाही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासतात. शेजारच्या ॲरिझोनात राज्याची तशी अट नाही, पण तिथून गोळ्या भरून परस्पर कॅलिफोर्नियात आणायलाही कॅलिफोर्नियाने मनाई केली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर ‘दारूगोळा’ या व्याख्येतच पुंगळी, प्रायमर (ठोका बसताच पेटणारी टोपी), बुलेट आणि पावडर (पुंगळीतली दारू) येते, म्हणून सुटा भाग घ्यायलाही परवाना दाखवावा लागतो. इतर बहुतेक राज्यांत हेच भाग हार्डवेअरच्या सामानासारखे मिळतात. तिथल्या माणसांचाही यात गोंधळ उडतो, ते साहजिक आहे. आपल्याकडे तो उडायचं कारण नाही, कारण आपली व्याख्या मॅसॅच्युसेट्सपेक्षाही रुंद आहे आणि देशभर एकच आहे.

ती व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ म्हणजे बंदुकीचं काडतूस एवढंच नाही. बंदुकीत भरायचा बार आणि त्याचं साहित्य, स्फोटक किंवा ठोका बसताच भडकणारा पदार्थ असलेल्या वस्तू, दारूगोळ्याचे भाग, आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री, हे सगळं त्यात येतं. शिवाय केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवेल ते घटक पदार्थ. म्हणजे प्रायमर तर आलाच, बुलेट आली, पुंगळी आली. आणि ज्याचा कुणी विचारच करत नाही तो रिलोडिंगचा प्रेस, त्याच्या डाय (साचे), त्याही आल्या. परदेशी साइटवर डायचा सेट ‘टूल्स’ म्हणून विकायला असतो आणि इकडचा माणूस तो पान्यासारखा मागवतो. कस्टमच्या दृष्टीने ते पान्याचं पार्सल नाही. आयातीला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो, आणि गोळी ‘बनवणं’ हा विषय कलम ५ चा, उत्पादन परवान्याचा आहे. तुमच्या खिशातला फॉर्म ३ चा परवाना बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. घरी रिलोडिंग करून पैसे वाचवायचा बेत असेल तर तो सोडून द्या. दुकानदाराला ‘जुगाड होईल का’ असं विचारूही नका, त्याचा स्वतःचा परवाना पणाला लागतो.

मग शोकेसमधल्या पुंगळीचं काय? गडहिंग्लज, आजरा, कागल पट्ट्यात घरटी एखादा फौजी आहे आणि बऱ्याच घरांत पदकांच्या शेजारी पितळी पुंगळी उभी असते. इथे कलम ४५ मधली एक सवलत कामाला येते. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग, जे त्यांच्या पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नाही, त्यांना कायदा लागू होत नाही. शब्द नीट पाहा: हेतू, आणि पूरक भाग. शोभेची एक रिकामी पुंगळी वेगळी. पाचशे पुंगळ्या, बाजूला प्रायमरची डबी आणि टेबलावर प्रेस, हे वेगळं. मधल्या अवस्थेत, म्हणजे पिशवीभर पुंगळ्या ‘पितळ म्हणून’ साठवलेल्या, तुम्ही पोलिसांना हेतू समजावत बसणार. रेंजवर पडलेल्या पुंगळ्या रेंजवरच जमा कराव्यात. किती गोळ्या घेतल्या, किती झाडल्या, याचा हिशेब कुणी मागितला तर तो जुळतो.

प्रतिबंधित बोअरचा (नळीच्या मापाचा) मुद्दा यातच मिसळतो. .३०३, ७.६२ मिमी, ९ मिमी ही प्रतिबंधित बोअरची मापं. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो केंद्राचा विषय आहे. सामान्य परवान्यावर चालतात .२२, .३१५, .३०-०६, .३२ आणि बारा बोअर. .३१५ रायफल जन्माला आली तीच मुळात यामुळे. लष्करी .३०३ नागरिकांना बंद, म्हणून ८ मिमी मॅनलिखर काडतुसावर शिकारी रायफल निघाली, आणि ईशापूरच्या कारखान्यानेही ती बनवली. त्यामुळे आजोबांच्या पेटीत पिवळं पडलेलं लांबट काडतूस सापडलं आणि बुडावरचा शिक्का वाचता येईना, तर ते ‘.३१५ च असणार’ असं गृहीत धरून दुकानात घेऊन जाऊ नका. जिथे आहे तिथे ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या. दुकानदाराला ते ओळखता येईलही, पण रस्त्याने ते नेणारा तुम्हीच असता.

सुट्या भागांचा व्यवहार आपल्या जिल्ह्यात कायदेशीरपणे चालतो तो एकाच ठिकाणी: ठासणीच्या बंदुका. राधानगरी, गगनबावडा, चंदगड, शाहूवाडी या भागांत पीक संरक्षणाचे परवाने आहेत, आणि त्यांत नळीच्या तोंडातून बार भरायच्या जुन्या बंदुका आजही आहेत. तिला दारू वेगळी लागते, केपा (बार पेटवणाऱ्या टोप्या) वेगळ्या, छर्रा वेगळा. इथे प्रत्येक घटक सुटाच विकत घ्यावा लागतो. पण याचा अर्थ बारा बोअरचा परवानाधारक बंदुकीची दारू सुटी मागू शकतो असा नाही. परवान्यावर जे हत्यार आहे त्याला लागणारं साहित्य, आणि तेही लिहिलेल्या मर्यादेत. काळ्या दारूला स्फोटकांचा कायदाही लागू आहे, म्हणून ती फटाक्याच्या दुकानातून किंवा खाणीवरच्या ओळखीतून आणणं म्हणजे दोन कायद्यांखाली एकदम अडकणं. तिचं ओलाव्याशी वैर असतं. गगनबावड्याच्या पावसात उघड्या डब्यातली दारू गुठळ्या धरते, बार अर्धवट पेटतो, आणि नळीत उरलेल्या ठिणगीवर दुसरा बार ठासणाऱ्याची बोटं जातात. थोडी घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा. आणि पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे गवा मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव कायदा त्याच्या जागी आहेच.

बारा बोअरच्या काडतुसांत खडकीच्या कारखान्याचं ‘शक्तिमान’ हेच बहुतेकांचं नेहमीचं. तक्रार करण्यासारखं फार नाही. घेताना काडतुसाची लांबी बघा, ६५ मिमी की ७० मिमी. जुन्या बंदुकीचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ चं असेल तर ७० चं काडतूस आत बसल्यासारखं वाटतं, पण झाडल्यावर त्याची घडी उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. चेंबरची लांबी बहुधा नळीच्या बुडाशी कोरलेली असते. ती वाचून मगच दुकानात जावं. दुकानदाराने ही लांबी आपणहून विचारली तर समजा की काउंटरवर जाणता माणूस आहे.

नेमबाजांचा खरा माल म्हणजे पॉइंट टू-टू (.२२) लाँग रायफलची गोळी. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं ते याच ५.६ मिमीच्या गोळीवर, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून). तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली तीही ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) याच गोळीवर. या गोळीबाबत सुट्या भागांचा प्रश्न उद्भवतच नाही. ती रिमफायर असते, प्रायमरचा मसाला पुंगळीच्या पातळ कडेच्या आत पसरलेला असतो, आणि फायरिंग पिनने कड एकदा चेपली की ती पुंगळी संपली. पुन्हा भरायची सोय नाही. त्यामुळे ‘टू-टूचं रिलोडिंग स्वस्त पडतं’ असं कुणी सांगत असेल तर त्याला गोळीची रचनाच माहीत नाही.

टू-टू घेताना खोक्यावरच्या नावापेक्षा लॉट नंबर महत्त्वाचा. एका खोक्यात ५० गोळ्या, दहा खोक्यांची एक वीट ५०० ची. बुलेट ४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅम, आणि मॅच गोळीचा वेग सेकंदाला ३२५ ते ३३० मीटरच्या आसपास, मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं खोकं स्वस्त दिसलं म्हणून मॅच रायफलसाठी उचलू नका. ती गोळी ध्वनीच्या वेगाच्या वर सुटते, वाटेत खाली येते आणि त्या बदलात डगमगते. पन्नास मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आहे, तिथे हे डगमगणं लगेच दिसतं. एकाच मेकचे दोन लॉट एकाच रायफलमधून वेगळे ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके) देतात, हा मालाचा दोष नव्हे, रिमफायरचा स्वभाव आहे. म्हणून आधी एका लॉटची दोन-तीन खोकी घ्या, रायफल टेकवून दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप पाडा, आणि जमलं तर त्याच लॉटची वीट घ्या. कोल्हापुरात अडचण इथे येते: चाचणी होईपर्यंत तो लॉट दुकानात शिल्लक राहीलच असं नाही. विनंती केली तर लॉट बाजूला ठेवणारा दुकानदार भेटणं हे नशीब. ही सोय मिळत असेल तर खोक्यामागे थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

साठवणीत दोन गोष्टी बिघडतात. टू-टूच्या शिशावर मेणाचा थर असतो. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डिकीत खोकं राहिलं की मेण पातळ होऊन एका बाजूला उतरतं, आणि गोळ्या खाली पडल्या की त्याच मेणाला वाळू चिकटते. ती वाळू नळीत जाते. पावसाळ्यात खोकी डब्यात सिलिका जेलसह ठेवा. गोळी उडालीच नाही तर बोल्ट लगेच खेचू नका. नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग काढा, आणि ती गोळी कचऱ्यात न टाकता रेंजच्या जबाबदार माणसाकडे द्या. ‘फुसकी’ आहे म्हणून ती कायद्याने मेलेली नसते.

परवान्यावर किती गोळ्या मिळतात यावर तर पारावरच्या गप्पांना ऊत येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नेमबाजांची वार्षिक मर्यादा वाढवली: .२२ साठी १,००० वरून ५,०००, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी ६०० वरून २,०००, शॉटगनसाठी ५०० वरून ५,०००. बातमी वाचून स्वसंरक्षणाचा परवाना असलेले लोक पाच हजार मागायला येतात. ती वाढ नेमबाजांसाठी आहे. तुमच्या परवान्यावर जो आकडा लिहिलाय तोच तुमचा. तिथे आकडेही दोन असतात, एक वर्षभरात घेता येणारा आणि एक कोणत्याही क्षणी जवळ ठेवता येणारा. दुसरा लोक विसरतात. समजा एका वेळची मर्यादा ५० आहे आणि घरी ३० शिल्लक आहेत, तर वर्षाचे दीडशे बाकी असले तरी आज मिळणार २०. शिल्लक खोटी सांगून जास्त घेतली तर फसवणूक दुकानदाराची नाही, तुमच्या स्वतःच्या नोंदीची होते. एक साधी वही ठेवा: तारीख, घेतल्या, झाडल्या, शिल्लक. गंभीर सराव करणाऱ्याला पाच हजारही पुरत नाहीत, हेही खरं. थ्री पोझिशनचे ६० शॉट आणि साइटर (आधी नेम जुळवायच्या गोळ्या) धरून एका सरावाला ८० गोळ्या लागल्या, तर पाच हजारांत साठ-बासष्ट सराव होतात. वर्षाचे आठवडे बावन्न. म्हणूनच चांगले नेमबाज ड्राय फायरवर, म्हणजे गोळी न भरता केलेल्या सरावावर, इतका वेळ घालवतात.

काउंटरवर जाताना मूळ परवाना न्या, झेरॉक्स नाही. त्यावर यूआयएन हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक हवा, तो नसलेला परवाना वैध धरला जात नाही. मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, पण जुन्या परवान्यावर छापलेली तारीख आपोआप पुढे सरकत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात पोचलेला बरा. तीच दुरुस्ती म्हणते की एका माणसाला दोनच हत्यारं, नेमबाजांची सवलत सोडून. तिसरं अजून परवान्यावर दिसत असेल तर दुकानदार त्यावरच्या गोळ्या द्यायला कचरतो, आणि ते बरोबर आहे. ओळखपत्र, आणि नेमबाज असाल तर संघटनेचं कार्ड सोबत असू द्या. निवडणूक लागली की बरीच हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, त्या काळात गोळ्या मागायला जाण्यात अर्थ नाही.

विक्रेता काय करतो तेही बघा. परवान्यावरचं बोअर आणि तुम्ही मागितलेली गोळी जुळते का, क्षेत्र, मुदत, याआधीच्या खरेदीच्या नोंदी, मग बेरीज. त्यानंतर आपल्या रजिस्टरमध्ये नोंद, आणि तुमच्या परवान्याच्या खरेदीच्या पानावर तारीख, संख्या, सही, शिक्का. पावतीवर मेक आणि संख्या हवीच, लॉट नंबर लिहून मागा. परवान्यावरची नोंद न करता ‘नंतर करू’ म्हणणारा दुकानदार तुमची मर्यादा वाचवतोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या रजिस्टरला एक आकडा आणि तुमच्या परवान्यावर दुसरा, अशी तफावत तुमच्या नावावर तयार होते. तपासणीत दोन्ही कागद शेजारी ठेवले जातात.

छर्ऱ्यांचं प्रकरण सोपं आहे, पण तिथेही एक खाच आहे. हवेच्या रायफलला परवाना लागत नाही हे अर्धसत्य. बोअर ४.५ मिमी म्हणजे .१७७ पर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तरच सूट. ५.५ मिमीची एअर रायफल कितीही मवाळ असली तरी परवान्यात येते. दहा मीटरची मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने सोडते, म्हणजे आठ ज्यूलच्या आत-बाहेर, चिंता नाही. चिंता खोक्यावर ‘१००० एफपीएस’ (सेकंदाला १००० फूट) छापलेल्या स्प्रिंगच्या रायफलींची. तो वेग ०.३३ ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्याने मोजला असेल तर ताकद पंधरा ज्यूल. तोच वेग ०.५३ ग्रॅमला खरंच मिळत असेल तर साडेचोवीस, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. दुकानात वेग विचारू नका, ज्यूल विचारा, आणि तो आकडा बिलावर किंवा कंपनीच्या पत्रकावर लेखी घ्या. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागतो ती द्यावी. आणि रंकाळ्यावरच्या पाखरांवर नेम धरणाऱ्या पोरांना वन्यजीव कायद्यात ‘एअरगनच होती’ ही सबब चालत नाही, हे पालकांनी घरीच सांगितलेलं बरं.

मॅच छर्ऱ्याची डबी ५०० ची. डोक्याचं माप ४.४९, ४.५० किंवा ४.५१, झाकणाच्या मागे चिकटवलेलं असतं. सरावाला सपाट डोक्याचाच घ्यावा, तो कागदावर गोल भोक पाडतो, टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना भांडण होतं. डबी उघडून बघू द्या म्हणावं: छर्ऱ्यांची मागची झालर चेपलेली असेल, किंवा तळाशी पांढरी भुकटी दिसत असेल, तर घेऊ नका. ती भुकटी म्हणजे ओलाव्याने शिशावर चढलेला थर. झालर चेपलेला छर्रा नळीत हवा सोडतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरणाऱ्याला तेवढं पुरतं. कुरिअरने मागवलेल्या डब्यांत हा त्रास जास्त, काउंटरवरून घेण्याचा फायदा इथे आहे. शिसं हाताळल्यावर हात धुवा, मग वडापाव.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात: छर्रे आणि सुटीत बसणाऱ्या एअर रायफली मिळतात, त्यात गैर काही नाही. काडतुसं घरपोच देतो म्हणणारा एक तर पैसे लाटणारा आहे किंवा तुम्हाला गोत्यात आणणारा. बंदुकीचा आवाज कमी करणारी नळीही कायद्याच्या व्याख्येत ‘अग्निशस्त्र’ आहे, ती ‘ॲक्सेसरी’ म्हणून कार्टमध्ये टाकू नका.

रेंजवर मित्राला वीस गोळ्या उसन्या देणं ही दोस्ती असली तरी कायद्याच्या भाषेत ते हस्तांतरण. खासगी वापरातला दारूगोळा दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचा तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. उजळाईवाडीहून विमान धरणार असाल तर किटबॅगचे सगळे कप्पे, नेमबाजीच्या जॅकेटचे खिसे आणि कानटोपीची पिशवी आदल्या रात्री उलटी करून झटका. एक्स-रेला पुंगळी आणि जिवंत गोळी यांची बाहेरची आकृती सारखीच दिसते. काडतुसाचं किचेन असेल तर ते घरीच ठेवा.

दुकानात जाण्याआधी फोन करावा, पण ‘टू-टू आहे का’ एवढंच विचारून ठेवू नका. मेक कुठला, लॉट नंबर काय, त्या लॉटची किती खोकी शिल्लक, आणि खरेदीची नोंद करणारा, सहीचा अधिकार असलेला माणूस आज दुकानात आहे का, हे चार प्रश्न विचारा. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसऱ्या दिवशी जा.